बेलम गुहा
आंध्र प्रदेशातील नंद्याळ जिल्ह्यात, कोलिमिगुंडलाजवळ भूमिगत प्रवाहाने चुनखडीत कोरलेली गुहा. लांबी ३,२२९ मी.; त्यांपैकी सुमारे दीड किमी. भाग पर्यटकांना खुला आहे. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी भेगांतून झिरपत खडक विरघळवते आणि भेगांचे बोगदे होतात. महाराष्ट्रातील बेसाल्ट असा विरघळत नाही. म्हणून तेथील अजिंठा-वेरूळची लेणी छिन्नीने घडवावी लागली. ती पाहिलेल्या माणसाला बेलमच्या गुळगुळीत, वळणदार भिंती विशेष विस्मित करतात.

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये गुहेची नोंद केली. १९८२-८४ मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने सविस्तर पाहणी केली. येथे बौद्ध भिक्षूंच्या वास्तव्याचे अवशेषही मिळाले.

कोटिलिंगालू दालनात छतापासून लोंबणाऱ्या लवणस्तंभांची दाटी आहे. सर्वांत खोल ठिकाण पाताळगंगा. तेथील झरा खडकातच लुप्त होतो. गुहा घडवणारे पाणी येथे प्रत्यक्ष दिसते, म्हणून थकवा आला तरी हा टप्पा गाळू नये. गंडिकोटाची दरी जोडून एका दिवसाची सहल होते. गुहेत यंत्राने हवा खेळवली जाते, तरी उकाडा व दमटपणा फार. हिवाळ्यातली सकाळ उत्तम.