जादा कामाचा मोबदला : अहमदनगर जिल्ह्याच्या श्रम-इतिहासाच्या संदर्भात माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा विचार

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील विनामोबदला जादा काम हा प्रश्न सामान्यतः महानगरांचा व अलीकडच्या काळाचा मानला जातो. वस्तुतः त्याची मुळे श्रमाच्या वेळेचे मोजमाप कोणी व कसे करावे, या जुन्या वादात आहेत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात हा वाद साखर कारखाना, उसाचा फड आणि विडी कामगाराचे घर अशा तीन ठिकाणी आढळतो. याच जिल्ह्यातील अभियांत्रिकी पदवीधर आज नोकरीसाठी पुणे-हिंजवडीकडे जातात. म्हणून या दोन्ही अनुभवांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल

१८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने केवळ बालकामगारांच्या कामाच्या वेळेवर मर्यादा घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले व १० जून १८९० रोजी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळाली. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा १९११ मध्ये आली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी मर्यादा खाली आली. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक कामासाठी दुप्पट वेतन बंधनकारक केले. दुप्पट दरामुळे जादा काम मालकास महाग पडते आणि ते अपवाद म्हणूनच राहावे, असा दबाव निर्माण होतो.

जिल्ह्याचा अनुभव

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. कारखान्यातील कामगारांना कारखाने कायद्याचे व पुढे १९५७ मध्ये नेमलेल्या साखर वेतन मंडळाचे संरक्षण लाभले. पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून जाणारे ऊसतोड कामगार मात्र या चौकटीबाहेर राहिले. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि मजुरी टनावर ठरते. वजनकाट्यापुढे बैलगाडीसह ताटकळण्यात किंवा रात्री मोळ्या भरण्यात गेलेल्या वेळेची स्वतंत्र नोंद होत नाही. फाटकाच्या आत घड्याळ होते, बाहेर नव्हते.

नगर व संगमनेर येथील विडी कामगार स्त्रियांचा अनुभव वेगळा नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यातील जादा कामास दुप्पट दर दिला. तथापि घरी वळलेल्या विड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. पाने भिजविणे, कापणे यांचा वेळ वेगळा धरला जात नाही आणि छाटीत गेलेल्या विड्यांचे श्रम वाया जातात. दोन्ही उदाहरणांत कायदा अस्तित्वात होता, परंतु मोजमापाचे एकक वेळ नसल्याने जादा काम दृष्टिआड राहिले.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्र

संगणक अभियंत्याचे वेतन बहुधा वार्षिक 'पॅकेज'च्या रूपात ठरते. येथे घड्याळ नाही असे म्हणता येत नाही. टाइमशीटवर तासांची नोंद होते. काही करारांत ग्राहकाकडून तासागणिक आकारणी होते, कर्मचाऱ्याचे वेतन मात्र मासिकच राहते. ठरावीक रकमेच्या करारात काम लांबल्यास त्याचा भार कर्मचाऱ्याच्या संध्याकाळवर व रविवारवर पडतो.

कायदा येथेही मूक नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, तसेच जादा कामास दुप्पट दर ठरविला. त्यातील 'कामगार' या व्याख्येत कुशल व तांत्रिक काम करणारेही येतात. व्यवस्थापकीय स्वरूपाचे काम करणारे वगळले जातात. त्यामुळे पदनामात 'लीड' वा 'मॅनेजर' हा शब्द आला, की हक्काविषयी संदिग्धता निर्माण होते, जरी प्रत्यक्ष काम संगणकावर आज्ञावली लिहिण्याचेच असले तरी.

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रममानक कायद्यातून अनेक संगणक व्यावसायिक वगळलेले आहेत. तरीही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळनिर्मिती कंपनीने जादा कामाच्या दाव्यात २००६ मध्ये प्रोग्रामरांशी सुमारे दीड कोटी डॉलरची तडजोड केली. प्रत्यक्ष काम कोणते, हा मुद्दा तेथेही निर्णायक होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा ९ वरून १० तास व तिमाही जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. जादा कामाच्या दुप्पट दराचे तत्त्व त्यांतही कायम आहे. तास वाढविण्याची चर्चा जितक्या मोकळेपणाने होते, तितकी वाढीव तासांच्या नोंदीची होत नाही.

निष्कर्ष

जिल्ह्याच्या श्रम-इतिहासावरून असे दिसते, की दुप्पट दराची तरतूद पुरेशी ठरत नाही. वेळेची नोंद आणि 'कामगार' म्हणून मान्यता या दोन अटी पूर्ण झाल्या तरच ती फलद्रूप होते. कोयत्याला व विडी वळणाऱ्या हाताला या दोन्ही अटींपैकी एक तरी नाकारली गेली. अभियंत्याचे वेतन त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याने त्याची तुलना मर्यादितच धरावी लागेल. परंतु न मोजलेला तास दोघांच्याही बाबतीत तोच आहे. कॅम्पस मुलाखतींसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेणाऱ्या महाविद्यालयांनी नेमणूकपत्रातील कामाच्या तासांचे कलम वाचण्याची सवयही त्यांना लावणे आवश्यक आहे.