संकेतस्थळाची हजेरी : आकडे आणि माणसे

उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरू लागले, की इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव परिसरात पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. होडीतून पक्षी दाखविणाऱ्याने किंवा घरगुती भोजनाची सोय करणाऱ्याने स्वतःचे चार पानांचे संकेतस्थळ काढले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : ते पाहते तरी कोण? जाहिरातीवर आणखी पैसे घालायचे की नाहीत, हे या उत्तरावर ठरते. त्यामुळे मोजणीतील चूक थेट खिशाला लागते.

सर्वांत फसवा शब्द ‘हिट’. वाचकाचा संगणक सर्व्हरकडे जी जी फाइल मागतो, ती प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. एका पानावर पक्ष्यांची पंधरा छायाचित्रे असतील, तर ते पान एकदा उघडताच किमान सोळा हिट नोंदविले जातात. नव्वदच्या दशकात पानाच्या तळाशी मोटारीच्या मीटरसारखे आकडे फिरत. तो मीटर मालकाला हव्या त्या आकड्यापासून सुरू करता येई, हे मात्र पाहुण्यांना ठाऊक नसे.

त्याहून उपयोगी साधन म्हणजे सर्व्हरची नोंदवही. मागणी कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणत्या पानासाठी आली, हे तीत लिहिले जाते. ‘वेबलायझर’, ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ ही साधने याच नोंदींचे तक्ते करून देत. मार्च २००५ मध्ये गुगलने ‘अर्चिन’ कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गुगल ॲनालिटिक्स’ विनामूल्य खुले केले. त्यावर इतकी झुंबड उडाली, की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. या पद्धतीत पानावर एक छोटा संकेत बसविला जातो आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ ठेवून तो पुन्हा आला की ओळखला जातो. ओळखला जातो तो ब्राउझर; माणूस नव्हे.

बारामती परिसरासाठी हा भेद जुनाच आहे. आयआयटी मुंबईने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ए-ॲक्वा’ या प्रश्नोत्तर सेवेत शेतकऱ्यांच्या शंकांना बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तरे देत. गावातील सामायिक संगणकावरून चालकाने शेजारी बसलेल्या दहा जणांचे प्रश्न टंकले, तरी मोजणीला दिसणार एकच अभ्यागत. आता उलटे घडते. एकच बागायतदार सकाळी फोनवर, दुपारी दुकानातील संगणकावर आणि रात्री मुलाच्या फोनवर तेच पान पाहतो, तेव्हा त्याचे तिघे होतात. शिवाय मोबाइल कंपन्या असंख्य फोन मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात. त्यामुळे निमगाव केतकीचा वाचक तक्त्यात ‘पुणे’ किंवा ‘मुंबई’ म्हणून झळकू शकतो. तालुकानिहाय आकडेवारीवर विसंबून स्थानिक जाहिरात बंद करणे म्हणूनच धोक्याचे.

खरी गफलत होते ती तुलनेत. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, इंदापूर या मार्गाने सराटीकडे जाते. मुक्कामाची किंवा रिंगणाची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर त्या आठवड्यात एरवीपेक्षा गर्दी होणारच. परंतु आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. पालखी या भागात पहिल्या वर्षी जूनमध्ये आली, दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये. जूनची जूनशी तुलना करणाऱ्याला वाचक आटल्याचा भास होईल, वास्तविक काहीही बिघडलेले नसेल. येथे तारखेशी तारीख नव्हे, तिथीशी तिथी ताडून पाहावी लागते. परदेशी साधनांना पंचांग ठाऊक नाही; ते काम मालकानेच करायचे.

त्यासाठी मागील वर्षांचे आकडे हाताशी हवेत आणि नेमके तेच टिकत नाहीत. गुगलने ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीतील सर्वसाधारण नोंदणी १ जुलै २०२३ रोजी थांबविली. पुढील वर्षी जुना तपशीलही पाहता येईनासा झाला. नव्या आवृत्तीत सविस्तर विश्लेषणासाठीची माहिती मुळात दोनच महिने राखली जाते. विनामूल्य खात्यात ती मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढविता येते, पण ते मालकाने स्वतः करावे लागते. दर महिन्याचे चार आकडे साध्या वहीत उतरविणे हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तो चालतो.

लहान संकेतस्थळाला आणखी दोन गोष्टी छळतात. एक, शोधयंत्रांचे आणि इतर स्वयंचलित ‘बॉट’. सर्व्हरच्या नोंदवहीत त्यांची ये-जा भरपूर असते. दुसरी, मालकाची स्वतःची भेट. दिवसाला वीस वाचक असतील आणि त्यांतील पाच वेळा तो स्वतःच डोकावत असेल, तर पाव हजेरी घरचीच. साधनामध्ये स्वतःचा पत्ता वगळण्याची सोय असते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वाचक कोठून आला, हेही आता पूर्वीइतके उघड नसते. शोधासाठी वापरलेले शब्द गुगलने २०११ पासून टप्प्याटप्प्याने झाकले. ते ‘सर्च कन्सोल’मध्ये काही प्रमाणात दिसतात, सोळा महिन्यांपर्यंतचे. ‘डाळिंब रोपे’ हा शोध देवनागरीत किती जणांनी टंकला आणि रोमन लिपीत किती जणांनी, हे तेथे पाहण्यासारखे असते. पानाचे शीर्षक कसे लिहावे, याचा अंदाज त्यावरून येतो. व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरलेला दुवा मात्र बहुधा ‘थेट’ या रकान्यात जमा होतो. दुवा पाठवितानाच त्याच्या शेवटी खुणेचे शब्द जोडले, तर गटातून आलेले वाचक वेगळे मोजता येतात. आणि ज्याचा व्यवहार अखेर फोनवरच ठरतो, त्या नावाड्याने फोन करणाऱ्याला ‘नंबर कोठून मिळाला?’ एवढे विचारून घ्यावे. ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.