रंग न लावलेली सोंगे

भाऊबीज उलटली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या गावांत लेकीबाळी, जावई, सोयरेधायरे गोळा होतात. दिवसा पाळणे आणि मिठाई, रात्री दंडार नाहीतर नाटक. गेल्या वर्षी अशाच एका मंडईत नाटकाला अवकाश होता म्हणून मी शामियान्याबाहेर फिरत होतो. एका सोडलेल्या बंडीवर माझ्या वर्गातली चार पोरे मोबाइलवर लढाईचा खेळ खेळत बसली होती. त्यांतला एक वर्गात नाव विचारले तरी जमिनीकडे पाहतो. येथे मात्र तो हुकूम सोडत होता, "त्याले एकट्याले सोडू नका. थांबा, मी येतो." पडलेल्या गड्याला उठवायला तो भर गोळीबारात माघारी गेला आणि स्वतःच बाद झाला.

मी विचारले, "तू कोण झाला होतास रे?"

तो दचकला. "कोनी नाही जी सर. खेळून राहिलो होतो."

या पोराच्या प्रगतिपुस्तकात 'पुढाकार घेत नाही' हा शेरा माझ्याच हातचा आहे.

सोंगाचे आम्हांला नवल नाही. दंडार ही झाडीची जुनी लोककला. गावातलाच शेतकरी तोंडाला रंग लावून राजा होई, गावातलाच गडी लुगडे नेसून राणी होई, आणि उजाडले की तोंडे धुऊन दोघेही धानाच्या बांधीत उतरत. पुढे शंकरपटाच्या आधाराने येथे नाटक वाढले. दिवसा बैलांची शर्यत आणि रात्रभर नाटक असा शिरस्ताच पडला. वडसा हे आज या धंद्याचे मोठे ठाणे आहे. तालमी जेमतेम, पुढ्यात बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सांगतो आणि नट ते उचलून आपले करतो. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे शेती सांभाळून असे सुमारे ८०० नाटकांतून उभे राहिले. त्यांचे प्रयोग ५००० च्या वर भरतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाने किती वेळा तोंड धुतले असेल!

हे तोंड धुणे मी थट्टेने लिहीत नाही. तरुणपणी मीही एका नाटकात सावकार झालो होतो. प्रयोग संपवून सकाळी घरी आलो आणि चहाबरोबर आईजवळ आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मागितला. तोही सावकाराच्याच आवाजात. माझ्या ध्यानातही आले नाही. आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "सावकार, पहिले तोंड धुवा."

आता या पोरांच्या खेळाची वंशावळ पाहू. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर एक खेळ रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या सोबत्याने तो पुढे नेला. त्याचे नाव 'मड'. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरे. उत्तरेला जा असे लिहिले की पडद्यावर पुढच्या जागेचे वर्णन उमटे, आणि तेथे दुसरा कोणी खेळाडू आधीच उभा असे. नवलाई हीच, की एका दुनियेत अनेकजण एकाच वेळी वावरत. कोणी कोणते सोंग घ्यायचे हे सांगायला तेथे प्रॉम्प्टर नव्हता. तरी माणसे आपापल्या वळणावर गेली. बार्टलने १९९६ साली त्यांची पत्त्यांच्या रंगांप्रमाणे विभागणी केली: धन आणि मान मिळवणारे चौकट, कानेकोपरे खोदणारे इस्पिक, माणसांत रमणारे बदाम आणि दुसऱ्याला झोडपण्यात सुख मानणारे किलवर. दिवाळीत घरोघर डाव मांडले जातात. वाचकांनी आपल्या घरातले किलवर आपणच ओळखावे.

पण माणूस आपला स्वभाव घेऊन खेळात शिरतो एवढ्यावर हे थांबत नाही. २००७ साली निक यी आणि जेरेमी बेलन्सन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या दुनियेत काहींना उंच देह दिला, काहींना ठेंगणा, आणि पैशाची वाटणी करायला बसवले. उंच देहातले लोक स्वतःकडे जास्त ओढू लागले. ठेंगण्या देहातले अन्यायाची वाटणीही मुकाट्याने पत्करू लागले. अभिनय करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, मानसशास्त्रात माझी गती ती काय! पण माझा सावकार मला येथे लख्ख दिसला.

भेद एवढाच, की माझ्या तोंडाला रंग होता आणि तो आईला दिसला. पोरांच्या या सोंगाला रंग नाही. ते चढले केव्हा हे घेणाऱ्याला कळत नाही, मग उतरवणार कोण? घराघरांतून भीती बोलली जाते ती किलवरची. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पब्जीवर बंदी घातली. २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन आला आणि पोरे पुन्हा बसली. मलाही ती भीती आहे. पण त्या रात्री बंडीवर मी पाहिला तो किलवर नव्हता. तो बदाम होता, आणि ते सोंग वर्गात येताना कोठे गळून पडते हे मला उमगत नव्हते. आणि माझे? पंचवीस वर्षे छडीच्या आवाजात बोलणारा जो मास्तर आहे, त्याला तरी मी कधी धुतला?

तिसरी घंटा झाली. पोरांनी मोबाइल खिशात घातले. मी त्या पोराला म्हटले, "चल, पुढे बस माझ्याजवळ."

तो आला. पण गुडघे जवळ घेऊन, खाली पाहत बसला. अगदी वर्गात बसतो तसा.