चाचे कोण, चाकर कोण?



उत्तर युरोपातील नॉर्स लोकांचे, म्हणजे ज्यांना व्हायकिंग म्हणतात त्यांचे, चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण, हातात कुऱ्हाड आणि अंगावर वर्षभराचा मळ! यांपैकी शिंगे त्यांच्या डोक्यावर चढली ती १८७६ साली, वाग्नरच्या संगीतनाटकाच्या वेषभूषेत. त्यांच्या थडग्यांतून निघाल्या त्या केस विंचरायच्या फण्या. आणि शनिवारला त्यांच्या भाषेत नावच होते 'स्नानाचा वार'. बहुतेक लोक शेती करीत, गुरे राखीत आणि आपले तंटे खुल्या सभेत मिटवीत. मग 'लुटारू' एवढीच त्यांची ओळख का उरली? इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडातील लिंडिसफार्नचा मठ लुटला, हे खरेच. पण त्या काळी लेखणी मठवासीयांच्याच हाती होती. लुटीची नोंद झाली. नांगराची झाली नाही.

दूर देशीची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. भांडुपच्या पूर्वेची खाडी ज्या समुद्राला मिळते, त्याच्या काठच्या आपल्या माणसांच्या वाट्यालाही हेच आले. कान्होजी आंग्र्यांशी लढलेल्या क्लेमेंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ साली एक पुस्तक छापले. त्याच्या नावातच आंग्रे 'चाचा' ठरले. पुढे हाच शिक्का इंग्रजी इतिहासांतून फिरत राहिला.

वस्तुस्थिती काय होती? कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून करीत होते. कंपनीही देशी जहाजांना आपले परवाने देत असे. गोऱ्याने मागितला तर कर आणि आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी, हा न्याय कोठला? शिवाय १७१३ साली खुद्द कंपनीनेच कान्होजींशी तह केला होता. कान्होजींनी कंपनीची जहाजे धरली, १७१२ साली धरलेल्या कैद्यांसाठी तीस हजार रुपये घेतले, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु त्या समुद्रावर हा व्यवहार सर्वच सत्ता करीत होत्या.

आता या गलबतांवरची माणसे पाहा. हिंदू माणूस समुद्र ओलांडीत नसे, हा आणखी एक रूढ समज. ती बंधने वरच्या वर्णांची. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी यांचे पोटच समुद्रावर होते. शिवाजीमहाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते. मोठ्या गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. लहान गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही चालत. वारा पडला की तीच वल्ही ओढायची, आणि वाऱ्यावाचून अडलेल्या गुराबेलाही दोर बांधून लढाईत न्यायची! पावसाळ्यात गलबते किल्ल्याच्या आश्रयाला येत, डागडुजी होई. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा शिडे उभारायची.

या माणसांचे पोट लुटीवर चालावे, असा का राज्याचा हेतू होता? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, १७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र पाहावे. आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरावीक उत्पन्नातून नेमून द्यावा. मिळकतीवर सोडू नये, कारण तसे केल्यास सावकारांना उपद्रव होऊन व्यापार बुडेल, असे त्यात सांगितले आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरासारखी वाढविलेली. ती आरमारासाठी तोडू नयेत. एखादे जीर्ण झालेले हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे! प्रत्येक तांडेलाने हे पाळले, असा आमचा दावा नाही. पण लूट हाच ज्यांचा धंदा, ते पगाराची आणि फणसाच्या झाडाची चिंता कशाला करतील?

आम्ही कामगारांत आयुष्य घालविलेली माणसे. कारखान्यात संप झाला की प्रथम 'दंगेखोर' हे नाव मिळते. पगार किती महिने थकला होता, हे मागाहून कोणी विचारले तर विचारतो. म्हणून हा जुना विषय आम्हांला जुना वाटत नाही. आज मुंबईतील नौदलाच्या तळाला आंग्र्यांचे नाव आहे, ही समाधानाची गोष्ट. पण सरखेलांचे नाव उजळले, तरी वल्हेकऱ्यांचे अजून अंधारातच आहे. यापुढे कोणाविषयी 'लुटारू' हा शब्द कानी आला, की तो कोणी लिहिला आणि त्या माणसांचे पोट कशावर चालत होते, हे दोन प्रश्न आपण विचारावेत, एवढीच विनंती.