पाण्यातला पारा : 'आढळला नाही' म्हणजे नक्की काय?

मागच्या पावसाळ्यात एक आई घाबरून दवाखान्यात आली. मुलाला ताप होता, पण तिची काळजी वेगळीच होती. हातातून थर्मामीटर पडून फुटला होता आणि पाऱ्याचे गोळे तिने पाणी ओतून मोरीत सोडले होते. "डॉक्टर, हा पारा जातो कुठे?"

प्रश्न अगदी योग्य होता. आपली इगतपुरी घाटमाथ्यावर आहे. पूर्वेकडे पडलेला पाऊस दारणेतून गोदावरीला मिळतो. पश्चिमेच्या कड्यावरचे पाणी भातसा, काळू आणि उल्हास या नद्यांतून ठाणे-वसईच्या खाड्यांकडे जाते. आपण जे सोडतो ते खाली कोणाच्या तरी ताटात येऊ शकते. हे जगाला कसे कळले, त्याची गोष्ट आज सांगतो.

मिनामाता

जपानमध्ये मिनामाता नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. १ मे १९५६ रोजी तिथल्या चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य खात्याला कळवले की मेंदूच्या एका अनोळखी आजाराचे रुग्ण येत आहेत. हातपाय बधिर होत, तोल जाई, बोलणे अडखळे, नजर आक्रसे. गावातली मांजरेही वेड्यासारखी फिरून मरत होती. माणसे आणि मांजरे दोघेही उपसागरातले मासे खात होते.

विष कोणते, हे शोधायला तीन वर्षे गेली. मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकेक संशयित तपासले गेले. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी घातलेले अन्न एका मांजराला दिले आणि त्याला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडवला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षे लोक मासे खात राहिले.

मोजायचे कसे?

त्या काळी पारा मोजण्यासाठी डायथायझोन नावाचे रसायन घालून रंग किती गडद होतो ते पाहत. गाळात भरपूर पारा असेल तर हे जमे, पण पाण्यातल्या अगदी थोड्या पाऱ्याला ही पद्धत अपुरी होती.

१९६८ मध्येच हॅच आणि ऑट या दोघांनी एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. खोलीच्या तापमानाला पाऱ्याची वाफ होते, या गुणाचा त्यांनी उपयोग केला. नमुन्यात स्टॅनस क्लोराइड घातले की विरघळलेला पारा मूळ धातुरूपात येतो. मग हवा सोडून त्याची वाफ बाहेर काढायची आणि तिच्यातून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. जितका प्रकाश शोषला जाईल तितका पारा. आजही अनेक प्रयोगशाळांत हीच 'थंड वाफेची' पद्धत चालते.

आपल्याकडे ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा लागे, आणि तो सांडपाण्यातून बाहेर पडे. पुढे देशभरातल्या अशा कारखान्यांनी पारा न लागणारी पद्धत स्वीकारली.

नमुन्याचे सोवळे

यंत्रे सूक्ष्म झाली तशी एक गंमत लक्षात आली. समुद्राच्या पाण्याचे कित्येक जुने आकडे खोटे, म्हणजे फुगलेले होते! तो पारा समुद्रातला नसून बाटलीतला, हातावरचा किंवा प्रयोगशाळेच्या हवेतला होता. म्हणून आता नमुना घ्यायला दोन माणसे लागतात. एकजण फक्त बाटलीला हात लावतो, बाकी सगळे दुसरा करतो. आमच्या ऑपरेशन थिएटरसारखेच. दातात चांदी भरलेल्या माणसाने नमुन्यावर श्वाससुद्धा सोडू नये, कारण त्या चांदीत पारा असतो.

उलटी चूकही होते. नमुन्यात आम्ल घातले नाही तर पारा बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा कमी येतो.

आपल्यासाठी याचा अर्थ

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मायक्रोग्रॅम आहे. अहवालात 'आढळला नाही' लिहिले असेल तर एकच प्रश्न विचारा : तुमच्या पद्धतीला कमीत कमी किती पारा दिसतो? उत्तर १ मायक्रोग्रॅमपेक्षा बरेच कमी असेल तर निश्चिंत राहा. जास्त असेल, तर त्या अहवालाने काहीच सांगितलेले नाही. नमुना कोणत्या बाटलीत घेतला आणि त्यात आम्ल घातले होते का, हेही विचारा.

पाणी मर्यादेत आहे म्हणून मासे सुरक्षित, असे मात्र समजू नका. गाळातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पारा करतात. तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. म्हणून गरोदर महिलांनी सुरमई, मुशी यांसारख्या मोठ्या शिकारी माशांऐवजी बांगडा, तारली असे लहान मासे खावेत.

आणि थर्मामीटर फुटलाच तर झाडू लावू नका. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने गोळे गोळा करून झाकणाच्या बरणीत बंद करा. मोरीत सोडू नका. त्या आईला मी हेच सांगितले. तिचा मुलगा दोन दिवसांत बरा झाला, आणि आता त्यांच्या घरात डिजिटल थर्मामीटर आहे.