कानापुरता वॅट

गेल्या वर्षी बोनस आला आणि मी एक वापरलेला प्लॅनर हेडफोन घेतला. फोनला लावला, आवाज पूर्ण वाढवला, तरी तबला शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटत होतं. मित्र म्हणाला, "अरे, याला अँप लागतो. मोठा घे." मोठा म्हणजे किती, हे त्यालाही सांगता येईना. म्हणून मी मागे जाऊन वाचायला लागलो.

गंमत बघा, सुरुवातीला हेडफोन लागायचा तोच मुळी अँप्लिफायर नव्हता म्हणून. १९१०मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकी नौदलाला पाठवले. तेव्हाचे वायरलेस संदेश इतके क्षीण असत, की ते कानाशीच धरून ऐकावे लागत. ली डी फॉरेस्टची व्हॉल्व्ह १९०६ची, पण संदेश मोठा करायला ती १९१२च्या सुमारास उपयोगी पडू लागली. तोवर जे काही करायचं ते हेडफोनलाच करावं लागे. बाल्डविनने बारीक तारेचे असंख्य वेढे घेतले आणि अभ्रकाचा पडदा बसवला. नौदलाला ते आवडले आणि त्यांनी आणखी मागितले, पण त्या स्वयंपाकघरातून एका वेळी दहाच निघत!

पुढे अँप्लिफायर घरोघरी आले आणि हेडफोनचे लाड सुरू झाले. १९६८चा सेनहायझर एचडी ४१४ हा २००० ओहमचा होता. घरातल्या यंत्राकडे व्होल्ट भरपूर, त्यामुळे चालून जायचं. १९७९मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि सगळा कारभार दोन पेन्सिल सेलवर आला. शाळेतलं सूत्र आठवा: पॉवर म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १ व्होल्टवर २००० ओहमला मिळतो अर्धा मिलिवॅट, ३२ ओहमला मिळतात ३१. खिशातल्या यंत्रांसाठी हेडफोनचे ओहम का उतरले, ते इथे कळतं.

मग माझा का अडला? तो तर ५० ओहमचाच. पण कागदावर दुसरा आकडा होता: १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. म्हणजे पॉवर खाऊन आवाज कमी देणारा. दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. १० मिलिवॅटला ९३.५, १०० मिलिवॅटला १०३.५. फोनच्या १ व्होल्टवर याला मिळत होते फक्त २० मिलिवॅट, म्हणजे जेमतेम ९६.५ डेसिबल. सरासरी ८० डेसिबलवर ऐकताना तबल्याची थाप, झांजेचा आघात क्षणभर २५-३० डेसिबल वर उडी मारतात. ११० डेसिबलपर्यंत जायला साधारण ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे ४.७ व्होल्ट. अर्धा वॅट. बास!

हे गणित मी उशिरा केलं. त्याआधी मित्राचा कित्येक वॅटचा अँप आठवडाभर आणला होता. आवाज स्वच्छ, कुठे फाटत नाही, म्हणून नॉब वर वर जात राहिला. एका रात्री हेडफोन काढला तरी कानात शिट्टी वाजतच होती. ती सकाळी थांबली, पण रात्रभर मी घाबरून जागा होतो. स्वस्त यंत्राचा आवाज फाटतो आणि आपण सावध होतो. ताकदवान यंत्र ही सूचना देतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. ९०वर गेलात तर त्याच आठवड्यात फक्त चार तास.

शेवटी मी ५० ओहमला साधारण एक वॅट देणारा छोटा अँप घेतला. तुम्ही घ्याल तेव्हा डब्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघू नका, तुमच्या हेडफोनच्या ओहमसमोरचा आकडा बघा. बाल्डविनचा सगळा खटाटोप क्षीण आवाज कानापर्यंत पोहोचवण्यासाठी होता. आपल्याला मात्र आता कुठे थांबायचं, हे ठरवावं लागतं.