शरभ: हत्ती खाणारा प्राणी आणि आपला इतिहास

मी सावलीत मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. मोबाईलवरच्या खेळांमुळे हल्ली ड्रॅगन सगळ्या मुलांना तोंडपाठ आहे. तो कुठे राहतो, काय खातो, किती बळाचा आहे, कशाने मरतो, सगळे ती सांगतात. उर्दूतला अज़दहा त्यांना धडा वाचताना भेटतो. पण आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, चंद्रपूरच्या जुन्या वेशींवर जो प्राणी कोरलेला आहे, त्याची अशी माहिती कुणालाच देता येत नाही. सिंहासारखा तो प्राणी हत्तीवर चढून बसलेला आहे. गोंड राजांचे ते राजचिन्ह. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशींतून शहराची रोजची ये-जा चालते, पण मान वर करून कोणी बघत नाही.

खरा सिंह पूर्ण वाढलेल्या हत्तीला असा पायाखाली घेऊ शकत नाही. वाघही नाही. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मोहफुले आणि तेंदूपाने आणायला जाणाऱ्यांना वाघ काय आहे ते ठाऊक आहे, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरल्यापासून हत्ती काय करतो तेही कळले आहे. म्हणूनच हत्तीला मारणारा प्राणी कल्पनेतून घडवावा लागला. कुठे त्याला शार्दूल म्हणतात, कुठे व्याल. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवरच्या अशा शिल्पांना इतिहासप्रेमी मंडळी शरभ म्हणतात.

या शरभाचा स्वभाव आणि सवयी आपल्या जुन्या ग्रंथांत बारकाईने लिहिलेल्या आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. एका ऋषीजवळ एक कुत्रा राहत असे. त्याला बिबट्याची भीती वाटली तेव्हा ऋषीने त्याला बिबट्या केले. मग वाघाच्या भीतीने वाघ, हत्तीच्या भीतीने हत्ती, सिंहाच्या भीतीने सिंह. शेवटी सिंहालाही खाणारा शरभ आला, आठ पायांचा आणि वर डोळे असलेला, तेव्हा ऋषीने कुत्र्याला शरभ केले. आता त्याला घाबरावे असे रानात कोणी उरले नाही. मग तो ऋषीलाच खायला निघाला, आणि ऋषीने त्याला परत कुत्रा करून टाकले. म्हणजे बळाच्या उतरंडीत शरभ सगळ्यांच्या वर, आणि उपकार विसरण्यातही सगळ्यांच्या वर.

आता दुसरा साक्षीदार पाहा. अबू रैहान अल-बेरूनी हा ख्वारिज्मचा विद्वान, जन्म इ. स. ९७३. तो संस्कृत शिकला आणि साधारण १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. आपण त्याला ‘किताबुल हिंद’ म्हणतो. त्यात कोकणाचे वर्णन करताना तो म्हणतो की तिथे दानक नावाच्या मैदानी भागात शरव नावाचा प्राणी असतो. त्याला चार पाय आहेत आणि पाठीवरही वर तोंड करून पायांसारखेच चार अवयव आहेत. एकूण आठ. म्हणजे हा महाभारतातलाच शरभ. आकार म्हशीसारखा, पण गेंड्याहून मोठा. छोटी सोंड आणि दोन मोठी शिंगे. त्या शिंगांनी तो हत्तीला चिरतो.

पुढे बेरूनी लोकांत चालणाऱ्या गोष्टी देतो. हा प्राणी कधी कधी शिकारीला शिंगांवर उचलून पाठीवर टाकतो. ती वरच्या पायांमध्ये अडकते, सडते, तिच्यात किडे पडतात आणि ते त्याच्या पाठीत शिरतात. तो झाडांना पाठ घासत राहतो आणि शेवटी मरतो. सिंदबादच्या सफरी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना इथे करकदन आठवेल. तोही हत्तीला शिंगावर घेऊन फिरतो, हत्तीची चरबी वितळून त्याच्या डोळ्यांत जाते, तो आंधळा होऊन पडतो आणि रुख पक्षी दोघांनाही उचलून नेतो. दोन भाषा, दोन मुलूख, पण गोष्टीचा सांगाडा एकच: ज्याने हत्तीला मारले त्याला तोच हत्ती घेऊन बुडतो.

बेरूनीने दिलेली दुसरी सवय त्याहून विलक्षण आहे. ढग गडगडले की शरवाला वाटते कोणी प्राणी ओरडतो आहे. तो त्या शत्रूच्या मागे डोंगराच्या माथ्यावर चढतो, तिथून आवाजाच्या दिशेने झेप घेतो आणि दरीत पडून त्याचे तुकडे होतात. हे वाचून मी कालिदासाचे ‘मेघदूत’ काढले. हिमालयाच्या वाटेवर ढगावर झेपावून स्वतःचीच हाडे मोडून घेणारे शरभ त्यातही आहेत. ज्या रामगिरीवरून यक्ष ढगाला निरोप देतो, तो म्हणजे आपल्या विदर्भातले रामटेक असे बहुतेक अभ्यासक मानतात. कालिदासाच्या काव्यातली सवय कित्येक शतकांनी अरबी ग्रंथात उतरली, कारण बेरूनीने इथल्या लोकांचे कान देऊन ऐकले होते.

ऐकले, पण पारखूनही घेतले. याच प्रकरणात गेंड्याबद्दल लिहिताना तो सांगतो की एका तरुण गेंड्याने वाटेत आलेल्या हत्तीला जखमी करून पाडलेले त्याने स्वतः पाहिले. शरवाच्या कथा मात्र तो ‘लोक सांगतात’ अशा नोंदीसह देतो. पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे. हदीसच्या इल्ममध्ये रावी कोण आणि त्याने कुणाकडून ऐकले हे आधी विचारतात. कुणी खबर आणली तर तिची खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण सगळे जाणतो. बेरूनीच्या लेखणीत ती शिस्त दिसते.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. अशा वेशींचे फोटो हल्ली फिरतात आणि त्याखाली वाद पेटतात. कोणी म्हणतो, हत्ती म्हणजे अमुक शत्रू आणि सिंह म्हणजे आपण. कोणी म्हणतो, हे शिल्प आहे म्हणजे किल्ला मुसलमानांचा असूच शकत नाही. आपल्यातलेही काही म्हणतात, जिवंत प्राण्याचे चित्र आहे, तेव्हा याच्याशी आपला काय संबंध?

या वादांना दगडच उत्तर देतात. मेळघाटातला गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये बांधला. पुढे फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने त्याची डागडुजी केली. १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही उभी करणारा हाच. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी, लहानपणी पकडून आणलेला आणि मुसलमान म्हणून वाढलेला. त्या गडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आहेत, आणि हत्तींना धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंडही आहे. गंडभेरुंड ही विजयनगरची ओळखीची खूण. कोकणात जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती पकडलेला तसाच प्राणी आहे, आणि तो किल्ला सिद्दींचा. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ अहमदनगरच्या निजामशाहीत १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमीने ओतली. तिचे तोंड म्हणजे उघडा जबडा, आणि दातांत हत्ती. तिकडे ओडिशात कोणार्कच्या तेराव्या शतकातल्या मंदिरापुढेही हत्तीवर चढलेले सिंह आहेत.

गोंड, इमादशाही, निजामशाही, सिद्दी, ओडिशाचे राजे. या सगळ्यांचा एकच कोणी शत्रू ‘हत्ती’ होता असे म्हणायचे का? साधे उत्तर असे की त्या काळी हत्ती म्हणजे फौजेचे बळ, आणि दरवाजा फोडायला हत्तीच आणत. म्हणून ज्याच्यापुढे हत्तीही शिकार ठरतो तो प्राणी दरवाजावर बसवला. ही राजसत्तेची भाषा होती. धर्म कोणताही असो, त्या काळच्या राज्यकर्त्यांना ती वाचता येत होती. आपले पूर्वज ती वाचत आणि बोलतही होते, म्हणून तिच्याशी आपला संबंध आहे.

चंद्रपूरचा परकोट बरीच वर्षे झाडाझुडपांत दडला होता. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी तो स्वतःच्या हातांनी साफ केला. आता त्यावरून चालता येते. मुलांना घेऊन एकदा जा. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याच्या मागे ससा लागला आणि त्या वाटेवर शहर वसले, ही दंतकथा त्यांना सांगा, आणि ती दंतकथा आहे हेही सांगा. मग वेशीवरचा प्राणी दाखवा. त्याचे बळ सांगा, आणि त्याची खोडही सांगा: गडगडाट ऐकला की शत्रू कोण हे न बघताच उडी मारतो. मोबाईलवर एखादा फोटो आला की आपणही हल्ली तेच करतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.